भांडायची गाडी

लग्नानंतर सहाच महिन्यांत माझ्या नवऱ्याला त्यांच्या गिरणीनं नवे माग शिकायला जपानला पाठवलं. दोन वर्षांसाठी. मी मागं राहिले सोलापुरात, दक्षिण कसब्यातल्या तीन खोल्यांच्या घरात. बरोबर सासू, सासरे आणि कॉलेजात जाणारी नणंद. येणारंजाणारं प्रत्येक माणूस विचारायचं, येताना काय आणणार म्हणून. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शिवणयंत्र हवं होतं. नणंदेला रेडिओ. मामंजींना काहीच नको होतं, पण नको म्हणताना ते मनगटावरच्या जुन्या घड्याळाकडं बघायचे. हे आले ते मोटार घेऊन आले.

मोटार म्हणजे कसली, तर धावायच्या शर्यतीतली असावी अशी. बुटकी, लांब नाकाची, पांढरी. तिथल्या कुणा माणसाकडून ती ह्यांना कशी मिळाली वगैरे गोष्ट ह्यांनी शंभरदा सांगितली, मला ती कधी पटली नाही. मुंबईच्या बंदरात कागदपत्रांच्या भानगडीत ती चार महिने अडकली होती. शेवटी हे स्वतः तिला चालवत सोलापूरला घेऊन आले आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी केली, कारण आत वळण बसेना.

आत्याबाईंनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"एक, दोन," त्या म्हणाल्या. "आन बाकीच्या सीटा?"

"दोनच असतात, आई."

"घरात माणसं किती हायत आपल्या?"

 ह्यांनी आईला इंजिनाबद्दल सांगायला सुरुवात केली.

त्या इंजिनाबद्दल मी इतक्यांदा ऐकलंय की आजही झोपेत सांगेन. साध्या मोटारीत दट्टे, म्हणजे पिस्टन असतात, ते खालीवर खालीवर आपटत राहतात. हिच्यात दट्टे नव्हतेच. एक तिकोनी लोखंडी तुकडा आणि तो अंड्याच्या आकाराच्या डब्यात गरागरा फिरायचा. हे समजावताना ह्यांनी जेवणाच्या ताटात घडीची पोळी फिरवून दाखवली. पोळी वरणात बुडाली. नणंदेनं विचारलं, "आणि वरण म्हणजे पेट्रोल का?" ह्यांना त्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की त्यांनी दुसरी पोळी घेतली.

गाडी ठेवायला जागा दिली आमच्या शेजाऱ्यांनी. ते तेलुगू बोलणारे विणकर, घरामागं त्यांचे माग चालायचे आणि एक शेड रिकामी होती. त्यांनी चालू गाडीच्या टपावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "हादरा नाही, खटखट नाही," ते म्हणाले. "आमचा माग एवढा गप्प झाला तर मी बघायला जातो, काय तुटलं म्हणून."

हा मोठाच गुण होता आणि हे तो सगळ्यांना दाखवायचे. बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा, इंजिन जोरात फिरवायचं आणि पाहुण्याला म्हणायचं, बघा, थेंब सांडतो का. थेंब सांडायचा नाही. पाहुणा खूश व्हायचा. मग तो चहा पाहुण्याला द्यायचा आणि दुसऱ्या पाहुण्यासाठी दुसरा. त्या महिन्यात मी किती चहा केला ते माझं मला माहीत. गाडीच्या अवगुणांत हा मी पहिला धरते.

बाकीचे अवगुणही होते की. ती पेट्रोल प्यायची, आणि त्याच सुमाराला पेट्रोल इतकं महागलं होतं की पंपावरचा माणूससुद्धा आमच्याकडं कीव करून बघायचा. वर तेल जाळायची. ते बिघडल्यामुळं नव्हे, तिला तसंच बनवलेलं होतं, हे ह्यांनी घसा कोरडा करून सांगितलं. "तेल कशाला लागतंय एवढं?" आत्याबाई म्हणाल्या. "भजी तळती का आत?" आणि ती बुटकी इतकी की आत बसणं म्हणजे पाटावर बसणं. नऊवारीतल्या आत्याबाई बसताना झोकात बसायच्या. उठवायला मात्र दोन माणसं लागायची, एक हाताला आणि एक पाठीला. विजापूर रस्त्यावरच्या एका मेकॅनिकनं झाकण उघडून आत पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, हितं पिस्टनच न्हाय की. मी नीट काय करू?" मग त्यानं विचारलं की घरच्यांना बघायला आणलं तर चालेल का. संध्याकाळी तो बायको आणि सासूला घेऊन आला. मी परत चहा ठेवला.

आता गुण सांगते. एकच सांगते, कारण माझ्यापुरता एकच होता.

आमच्या तीन खोल्या एकामागं एक होत्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. मधली आमची. तिला दोन दारं, आणि पुढनं मागं जायचं तर आमच्यातूनच जायचं. पाणी प्यायला, मोरीत जायला, मांजराला हाकलायला. त्या खोलीत मी नवऱ्याशी जे बोलले ते कुजबुजत बोलले. प्रेमाचं कुजबुजता येतं, त्याला काही हरकत नाही. पण भांडण कुजबुजत करता येत नाही हो. नुसतं सापासारखं फुसफुसता येतं, आणि समोरच्याला वाटतं हिला सर्दी झालीय.

गाडी आल्यावर पहिल्यांदा आम्ही माझ्या माहेरी निघालो, मंगळवेढ्याला. शहर मागं पडलं. दोन्ही बाजूंनी मोकळी काळी रानं, रब्बीसाठी नांगरून ठेवलेली. गाडी अशी पळत होती की माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या आणि मी उगाचच हसत होते. आणि हसता हसता माझ्या तोंडून निघालं, "दोन वर्षांत मला एक पत्र लिहिलं नाही तुम्ही."

"लिहिली की पत्रं. दर महिन्याला."

"ती मामंजींच्या नावावर. घरात मोठ्यानं वाचायचे ते. शेवटी एक ओळ, सौ.ला आशीर्वाद. आशीर्वाद? मी काय तुमची पुतणी आहे?"

"हळू बोल," हे म्हणाले. सवयीनं.

"का हळू? कोण ऐकतंय?"

ह्यांनी आजूबाजूला पाहिलं. लांबवर एक बैलगाडी होती. आणि मग मी जी सुटले ती सुटले. दोन वर्षांचं साठलेलं. पत्रं, माझ्या आजारपणात न आलेली विचारपूस, माझ्यासाठी आणलेल्या छत्रीचा रंग, सगळं. हेही ओरडायला लागले. माझ्या नवऱ्याला एवढा मोठा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, मला तो आवडला. अर्ध्या वाटेवर ह्यांनी गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "मला काय लिहायचं ते सुचायचंच नाही. सगळ्यांसमोर वाचलं जाणार म्हणून." मग मला रडू आलं आणि लगेच हसू आलं. माहेरी उतरलो तेव्हा दोघांचेही घसे बसले होते. आई म्हणाली, "वारं लागलं का काय तुमास्नी?"

त्यानंतर दर रविवारी आम्ही 'गाडीला फिरवून आणायला' निघायचो. आठवडाभर मी विषय साठवून ठेवायची. सोमवारी काही खटकलं की मनात म्हणायचं, असू दे, रविवारी बघते तुमच्याकडं. आणि आठवडाभर मी इतकी गोड वागायची की आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, सून निवळली. दोनच सीटा होत्या, त्यामुळं कुणी बरोबर यायचा प्रश्न नव्हता. जगातल्या कुठल्याही बंगल्याशी मी त्या दोन सीटांची अदलाबदल केली नसती.

पण गाडीला एक खोड होती. ऐन महत्त्वाच्या दिवशी ती दगा द्यायची.

आमच्या घरची रीत अशी होती की शुभकामाला निघताना गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची. गाडी सुरू करायची, लिंबांवरून पाच पावलं न्यायची आणि थांबवून बंद करायची. मग आत्याबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायच्या. आवाज चालू असताना दृष्ट उतरत नाही, असं त्यांचं ठाम मत. दृष्ट निघाली की निघायचं. तर आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी लिंबं झाली, दृष्ट झाली आणि गाडी जी मुकी झाली ती काही केल्या बोलेना. विणकरांच्या माणसांनी ढकलत शेडमध्ये नेली. तिसऱ्या दिवशी मात्र काही झालंच नाही अशी सुरू झाली. पुढं वेळापूरला आत्याबाईंच्या भाचीचं लग्न होतं. लिंबं, दृष्ट, आणि मुकी. एस.टी.नं गेलो. आत्याबाई म्हणाल्या, नजर लागलीय. दोन लिंबांची चार झाली, पुढं मिरच्यांची माळ आली, मागं काळी बाहुली. रविवारी आम्ही दोघं असेच निघायचो, ना लिंबू ना काही, तेव्हा ती एकदाही अडली नाही. हे म्हणायचे, इथल्या पेट्रोलमध्ये कचरा आहे. आत्याबाई म्हणायच्या, कचरा माणसांच्या डोळ्यांत आहे.

मग नणंदेची परीक्षा आली. पहिल्या पेपरला भाऊ तिला गाडीतून सोडणार होता. सहा लिंबं ठेवली. दृष्ट काढली. गाडी मुकी. ती पोर टांगा शोधत रस्त्यानं पळाली आणि दहा मिनिटं उशिरा पोचली. संध्याकाळी ती जेवली नाही.

मामंजी कोर्टातून निवृत्त झालेले, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते कशावर बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आमच्या गाडीवर जीव टाकून होता. त्यांच्याकडं सहा माणसांची मोठी गाडी होती आणि ते सरळ अदलाबदल करायला तयार होते. "दसऱ्यापर्यंत बघू," मामंजी म्हणाले. "दसऱ्याला पूजा झाल्यावर गाडी चालू झाली तर राहील. नाही झाली तर दुसऱ्या दिवशी देऊन टाकायची. सगळ्यांना मान्य?" सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. मधल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून मी मनसोक्त शिव्या दिल्या. सहा माणसांची गाडी म्हणजे दर रविवारी पाचजण आणि वर डबे. मला पुन्हा फुसफुसायला लागणार होतं, जन्मभर.

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस असतील. शेडमध्ये सुताची गाठोडी आत घ्यायची होती, म्हणून ह्यांनी गाडी सुरू करून पाच पावलं मागं घेतली आणि बंद केली. परत पुढं घ्यायला गेले तर मुकी. मी त्या वेळी मागच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवत होते. घाईत होते, म्हणून पेटत्या काकड्यानं बर्नर नीट तापायच्या आधीच पंप मारला. कच्चं रॉकेल भसकन वर आलं, पिवळा जाळ झाला, धूर झाला आणि स्टोव्ह विझला. मी त्या स्टोव्हकडं बघितलं. मग शेडमधल्या गाडीकडं बघितलं. लिंबू नव्हतं, मिरची नव्हती. पाच पावलं मात्र होती.

मी हातातली स्टोव्हची पिन तशीच घेऊन पळत गेले. "अहो, ही तापायच्या आधी बंद केली ना, की आत कच्चं पेट्रोल साठतंय."

हे प्लग काढून पुसत होते. ओले चिंब होते ते. "स्टोव्ह आणि इंजिन एक नसतं," हे म्हणाले, "जा तू."

जा तू. हे मी रविवारसाठी ठेवलं. रविवारी विजापूर रस्त्याला लागल्या लागल्या काढलं. चांगलं अर्धा तास काढलं. शेवटी वैतागून ह्यांनी एका कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली, कप्प्यातनं जपानी पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. जपानी ह्यांना बोलता यायचं, वाचता यायचं नाही. पण चित्रं होती. मीच पानं उलटली. एका पानावर थर्मामीटर काढला होता, त्यातला पारा अगदी तळाशी. शेजारी किल्ली, आणि किल्लीवर लाल फुली. ह्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, थंड देशातल्यांसाठी आहे. सोलापुरात गाडी थंड कशी असेल?"

मी इतकी हसले की पोटात कळ आली. हेही हसले. पण मग पुढचा प्रश्न दोघांनाही कळला. नवमीला हत्यारं-अवजारं पूजेला बसतात आणि पूजा होईपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. शेजारचे मागसुद्धा बंद. आमच्याकडं मोटार त्यांतच धरलेली. म्हणजे आधी तापवून ठेवायची सोय नाही. दसऱ्याला गार गाडी लिंबांवरून पाच पावलं जाणार, दृष्टीसाठी बंद होणार आणि व्यापाऱ्याच्या घरी जाणार.

"आईला तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"तुझ्या लिंबांमुळं गाडी बंद पडते म्हणून? मी?" माझा नवरा त्या इंजिनाचा तुकडा न् तुकडा सुटा करायला तयार होता, पण हे नाही.

म्हणून मी सांगितलं. नवमीच्या दुपारी, स्वयंपाकघरात. स्टोव्हवरच दाखवलं, मुद्दाम गार बर्नरला पंप मारून. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या लिंबांनी बंद पडती?"

"लिंबांनी नाही, आत्याबाई. आपण लगेच थांबवतो म्हणून."

"आवाज चालू असताना दृष्ट उतरत न्हाय," त्या म्हणाल्या आणि डाळ निवडायला लागल्या. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाल्या, "तुला एवढा पुळका का गं तिचा? मोठी गाडी आली तर तू पण बसशील की."

माझा तोल गेला. सुनेनं बोलू नये ते मी बोलले. "कारण त्या गाडीत मला त्यांच्याशी भांडता येतं. ह्या घरात मला भांडायला जागा नाही."

त्यांचा हात थांबला. आता मला माहेरचं तिकीट काढून देतात की काय असं वाटलं.

"भांडता?" त्या म्हणाल्या. "कशावरनं?"

"सगळ्यावरनं."

"आन तो काय करतो?"

"तेही भांडतात."

"मोठ्यानं?"

"लई मोठ्यानं."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हनुवटीला हात लावला. "आन मग?"

"मग कुठंतरी चहा पितो आणि घरी येतो."

 मग संध्याकाळपर्यंत दोनदा डाळ निवडली त्यांनी, तीच.

दसऱ्याच्या सकाळी बोळाच्या तोंडाशी सगळे जमले. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली आठ लिंबं. मामंजी कोट-टोपी घालून साक्षीला उभे. ह्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, लिंबं फुटली, पाच पावलं झाली. ह्यांचा हात किल्लीकडं गेला. मी मनातल्या मनात देवीला काहीबाही बोलत होते.

"बंद करू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"अगं पण दृष्ट?" मामंजी म्हणाले.

"आधी देवीला जाऊन येऊ द्या दोघांना. दृष्ट आल्यावर काढीन. देवीचं आधी." आणि त्या मला म्हणाल्या, "बस की. बघती काय?"

रूपाभवानीला जाऊन आलो. गाडी चांगली तापली. बोळाच्या तोंडाशी थांबवली, बंद केली, आत्याबाईंनी निवांत दृष्ट काढली आणि ह्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला सुरू. मामंजींनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "राहील." मी घरात पळाले, कारण मला नाचावंसं वाटत होतं आणि ते बोळात बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी सोनं वाटून झालं, माणसं गेली. मामंजी टोपी काढणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "अहो, जरा चला माझ्याबरोबर." त्या पुढं आणि मामंजी मागं. आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो. त्या शेडमध्ये गेल्या, गाडीचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"अगं, चालवणार कोण?" मामंजींनी विचारलं.

"चालवायची न्हाय. बसायचं."

मामंजी बसले. दोन्ही दारं लागली. आत्याबाईंनी काचा वर करायला सांगितल्या असाव्यात, कारण मामंजी बराच वेळ मुठी शोधत होते. मग आत्याबाई त्यांच्याकडं वळल्या आणि बोलायला लागल्या. आम्हांला शब्द ऐकू येत नव्हता. त्यांचा हात दिसत होता, बांगड्यांसकट वर जाणारा. मान हलत होती, पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांना भान नव्हतं. पस्तीस वर्षं झाली होती त्यांच्या लग्नाला, आणि तेवढ्या वर्षांत मामंजींशी त्या दाराआडून किंवा ताट वाढताना जे बोलल्या तेवढंच. माझा नवरा खिडकीचा गज धरून उभा होता. "आई ओरडतेय," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. नणंद म्हणाली, "गप, बघू दे."

अंधार पडायला आला तरी त्या उतरेनात. मी शेवटी शेडच्या दारापर्यंत गेले. मला पाहून मामंजींनी काच चार बोटं खाली केली. चेहरा घामानं निथळत होता, टोपी मांडीवर.

"सूनबाई, तांब्याभर पाणी आण गं," ते म्हणाले. "हिचं अजून लग्नाचं दुसरंच वर्ष चाललंय."

"काच वर करा," आत्याबाई म्हणाल्या.